कारण सांगा, मग फॉरमॅट मारा

डेस्कटॉप कॉम्प्युटर वारंवार हँग होत असेल तर काय करायचं, हा प्रश्न अकोटात कधीचा निकाली निघालेला आहे. उत्तर ठरलेलं, दर ठरलेला आणि उत्तर देणाऱ्याचा सूरही ठरलेला. 'त्याले काय होते भाऊ, फॉरमॅट मारून देतो ना!' दुरुस्तीवाला हे म्हणतो, सेवा केंद्र चालवणारा म्हणतो, कृषी केंद्राच्या गल्ल्यावरचा पोरगा म्हणतो, आणि ज्याने जन्मात कॅबिनेटचं झाकण काढून पाहिलेलं नाही असा शेजारीही तितक्याच खात्रीने म्हणतो. पुढचं सगळं मग ठरल्याबरहुकूम. मशीन मोटारसायकलवरून दुकानात जातं, संध्याकाळी परत येतं, पडदा लख्ख दिसतो, गिऱ्हाईक खूश. महिन्या-दोन महिन्यांनी मशीन पुन्हा गोठतं आणि पुन्हा फॉरमॅट मारला जातो. मधल्या काळात कोणी एकानेही विचारलेलं नसतं की ते हँग होत कशामुळे होतं.

माझी तक्रार कुण्या एका दुकानाबद्दल नाही. तक्रार आहे ती गावभर मुरलेल्या एका मताबद्दल. ते मत मी पातळ न करता मांडतो. कॉम्प्युटर म्हटला की तो हँग होणारच. त्यात व्हायरस शिरतो म्हणून होतो, नाहीतर वापरणाऱ्याने काहीतरी भलतंच दाबलेलं असतं म्हणून होतो. त्यात आपल्याकडचं ऊन असं, धूळ अशी, लाइन अशी. त्याला कोण काय करणार? फॉरमॅट मारला की काही दिवस बिनघोर. त्यानेही भागलं नाही तर मशीन जुनं झालं, नवीन घ्या. आणि कारण शोधत बसायला वेळ कोणाकडे आहे? माणसं रांगेत उभी असतात.

ऐकायला व्यवहारी वाटतं. पण यातलं एकही वाक्य तपासाला टिकत नाही.

सुरुवात फॉरमॅटपासूनच करू, कारण सगळी भिस्त त्याच्यावर आहे. फॉरमॅट मारताना होतं काय? डिस्कवरच्या फाइलींची यादी नव्याने कोरी केली जाते आणि त्यावर विंडोज पुन्हा बसवलं जातं. बस्स. दोष विंडोजमध्ये असेल, एखादा ड्रायव्हर बिघडलेला असेल, नको ते प्रोग्रॅम साठले असतील, तर याचा उपयोग आहे. पण सीपीयूवरची पेस्ट वाळून खडखडीत झाली असेल तर ती फॉरमॅटने ओली होते का? हीटसिंकच्या पात्यांत अडकलेला कापूस फॉरमॅटने निघतो का? मदरबोर्डवरचा फुगलेला कपॅसिटर फॉरमॅट मारला म्हणून पोट आत घेतो का? मशीनला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसमधून १२ व्होल्टच्या जागी ११ व्होल्ट येत असतील तर ते विंडोज बदलल्याने वाढतात का? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तोही दर दोन महिन्यांनी आणि पैसे मोजून.

'पण फरक पडतो ना!' हा यावरचा हुकमी सवाल. पडतो, काही दिवस पडतो. कशामुळे पडतो ते मात्र पाहायला नको का? दुकानात मशीन गेलं की पहिल्यांदा त्यावर ब्लोअर मारला जातो. साचलेली धूळ उडते, मशीन थंड चालायला लागतं. झाकण काढलं म्हणून रॅम काढून तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवला जातो, ती पुन्हा नीट बसते. ढिली झालेली हार्ड डिस्कची केबल हाताने दाबली जाते. चौथी गंमत अधिक फसवी आहे. डिस्कवर खराब जागा तयार झाल्या असतील, तर नवीन विंडोजच्या फाइली योगायोगाने डिस्कच्या दुसऱ्या, अजून शाबूत असलेल्या भागावर जाऊन बसतात. म्हणून चार आठवडे बरे जातात. डिस्क मात्र तीच असते, मरणपंथालाच लागलेली असते, आणि पुढच्या वेळी घरातले फोटो आणि दुकानाचे हिशोब घेऊनच जाते. गुण ब्लोअरचा, खोडरबरचा आणि योगायोगाचा, श्रेय फॉरमॅटचं. हे श्रेय त्याच्या नावावर एकदा जमा झालं की पुढचा प्रत्येक बिघाड त्याच्याच दारात नेला जातो.

याहून मोठा गुन्हा पुढे आहे. हँग झालेलं मशीन मुकं नसतं. ते लिहून ठेवतं. विंडोजमधल्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये तारीख-वेळेसकट नोंदी असतात. डिस्कच्या नावापुढे ७ क्रमांकाची नोंद असेल तर डिस्कवर खराब जागा सापडली आहे. १५३ क्रमांकाची असेल तर डिस्कने पहिल्या हाकेला ओ दिली नाही, तिला पुन्हा विचारावं लागलं. कर्नल-पॉवर ४१ असेल तर मशीन रीतसर बंद न होता एकदम गेलेलं आहे. वीज गेली, एसएमपीएस बसलं, किंवा कोणीतरी बटण दाबून धरलं. रिलायबिलिटी मॉनिटर हेच सगळं दिवसवार, लाल खुणांसह मांडून दाखवतो. कोणत्या दिवसापासून त्रास सुरू झाला आणि त्याच्या आदल्या दिवशी काय बसवलं होतं, हे तिथे समोर दिसतं. फॉरमॅट मारला की हे सगळं पुसलं जातं. चोरी झालेल्या घरात पोलीस पंचनाम्याला यायच्या आत कोणी सडा-सारवण करून ठेवलं, तर त्याला आपण कामसू म्हणू की आणखी काही?

आणि फुकट काय जातं ते तर कोणी मोजतच नाही. सेवा केंद्रातल्या मशीनवर बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राचं सॉफ्टवेअर पुन्हा बसवावं लागतं, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर पुन्हा शोधावा लागतो, प्रिंटर पुन्हा ओळखून घ्यावा लागतो. लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणाऱ्याकडे कृतिदेव आणि श्रीलिपीचे फॉन्ट गायब होतात आणि जुन्या कामाच्या फाइली उघडल्या की पडद्यावर गिचमिड उमटते. व्यापाऱ्याच्या टॅलीचा डेटा सी ड्राइव्हवर होता की डी ड्राइव्हवर, यावर रात्रभर खल चालतो. ज्याला 'स्वस्त उपाय' म्हणतात त्याची ही किंमत आहे.

आता व्हायरस. या बिचाऱ्या व्हायरसवर वऱ्हाडात जितके आळ येतात तितके एखाद्या सुनेवरही आले नसतील. मशीन मंद झालं, व्हायरस. माउस अडकला, व्हायरस. मे महिन्यात दुपारी दोन वाजता मशीन बंद पडलं आणि रात्री दहाला नीट चाललं, तरी व्हायरस! हा कोणता व्हायरस आहे जो उन्हं कलली की घरी जातो? व्हायरस असतात, पेन ड्राइव्हमधून येतात, नुकसानही करतात; पण संसर्ग आहे की नाही हे तपासता येतं आणि विंडोजमध्ये आधीपासून असलेला डिफेंडर ते काम करतो. तपासायच्या आधीच निदान करणाऱ्याला खरं तर निदान करायचंच नसतं. आणि उपाय काय, तर एका अँटीव्हायरसच्या बोकांडी दुसरा अँटीव्हायरस. दोघेही प्रत्येक फाइल उघडताना तिची झडती घेतात, आणि आधीच चार जीबी रॅमवर रांगणारं मशीन खरोखर गोठतं. वर, ज्या पेन ड्राइव्हमधून विंडोज बसवलं जातं त्यातच फुकटचं 'ॲक्टिव्हेटर' असतं आणि ते चालावं म्हणून संरक्षण बंद करून ठेवलेलं असतं. व्हायरस घालवण्यासाठी मारलेला फॉरमॅटच व्हायरसला दार उघडून देतो, याहून सुंदर व्यवस्था कोणती?

याच्या जोडीला आपली घरगुती व्रतवैकल्यं आहेतच. मशीन सुरू झालं की डेस्कटॉपवर राइट क्लिक करून पाच-सात वेळा रिफ्रेश मारणं, हे त्यातलं सर्वांत लोकप्रिय व्रत. रिफ्रेशने डेस्कटॉपवरची चित्रं पुन्हा रेखाटली जातात. रॅम मोकळी होत नाही, प्रोसेसर ताजातवाना होत नाही, काहीही होत नाही. दुसरं व्रत प्रीफेचचं फोल्डर रिकामं करण्याचं. हे फोल्डर विंडोज एक्सपीपासून, म्हणजे २००१ पासून, प्रोग्रॅम लवकर सुरू व्हावेत म्हणून विंडोज स्वतः राखतं. ते पुसलं की विंडोज ते पुन्हा लिहायला बसतं आणि दरम्यान सगळं आणखी हळू सुरू होतं. तिसरं व्रत 'क्लीनर' नावाचा प्रोग्रॅम बसवण्याचं. तो मशीन सुरू होताच स्वतः जागा अडवून बसतो आणि मग जागा कमी पडते अशी तक्रारही स्वतःच करतो. ज्या सुमारास आपल्याकडे विंडोज एक्सपी आलं त्याच सुमारास संगणक शिकवणारं एमएस-सीआयटी सुरू झालं. तेव्हापासून त्याची प्रमाणपत्रं घराघरांत आहेत. तरी मशीन अडलं की टास्क मॅनेजर उघडून पाहावं असं किती जणांना सुचतं? कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा दाबल्या की कोणी किती रॅम खाल्ली, डिस्क शंभर टक्क्यांवर का टेकली आहे, हे समोर येतं. पण ते पाहायचं म्हणजे विचार करायचा. रिफ्रेशला विचार लागत नाही.

मग येतो तो नशिबाचा मुद्दा. 'आपल्याकडचं ऊनच असं.' हा मुद्दा मांडणाऱ्यांची मला सर्वांत जास्त चीड येते, कारण त्यांच्या हातात खरं कारण आलेलं असतं आणि ते त्याचा उपयोग निमित्त म्हणून करतात. ऊन आहे म्हणता ना? मग हिशोब करा. हीटसिंक कितीही चांगला असला तरी तो खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. समजा कामाच्या भारात प्रोसेसर खोलीपेक्षा ४५ अंशांनी जास्त तापतो. डिसेंबरात खोली २५ अंशांवर असेल तर तो ७० वर राहतो, मजेत. मे महिन्यात टिनाच्या छपराखाली खोलीच ४४ वर गेली की तोच प्रोसेसर ८९ वर जातो. आता पात्यांमध्ये कापसाचे तंतू अडकून हवा कोंडली आणि फरक ४५ चा ६० झाला, की आकडा १०४. बऱ्याच इंटेल प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. तिथे पोचला की तो स्वतःला वाचवण्यासाठी आपली गती कमी करतो, सगळं रांगायला लागतं. तेवढ्याने भागलं नाही तर मशीन बंद होतं. अनेक ब्रँडेड डेस्कटॉपच्या माहितीपत्रकावर खोलीचं तापमान ३५ अंशांपर्यंत असावं असं छापलेलं असतं, आणि अकोल्याचा पारा उन्हाळ्यात ४५ च्या वर जातो हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. म्हणजे आपल्याकडे मशीनला दहा अंशांची तूट जन्मजात आहे. ही तूट ठाऊक असलेल्या गावात तर हीटसिंक साफ करणं हे पोळ्याला बैल धुण्याइतकं नेमाचं व्हायला हवं होतं. इथे मात्र कॅबिनेट उघडायलाच लोक घाबरतात.

अकोट ही कापसाची बाजारपेठ आहे. हंगामात जिनिंगच्या आसपास हवेत तंतू तरंगताना डोळ्यांना दिसतात. ही धूळ साध्या मातीसारखी नाही. ती पंख्याच्या आणि पात्यांच्या मध्ये नमद्यासारखी जमते. वरून झटकलं, कॅबिनेटवर फडकं मारलं, तर ती जागची हलत नाही. पंखा काढावा लागतो, त्याच्याखालचा तो थर उचलावा लागतो, पेस्ट बदलावी लागते. अर्ध्या तासाचं काम. त्यात वाळ्याचा कूलर. माणसासाठी लावलेल्या कूलरच्या अगदी तोंडाशी कॉम्प्युटरचं टेबल मांडायचं ही आपली हौस. ओलसर हवेने धूळ चिकटते, आणि दक्षिणेकडच्या खारपाणपट्ट्यातल्या गावांत कूलरच्या पाण्यातला क्षार वाळ्यावर पांढरा फेसाळलेला दिसतो. तुषारांबरोबर तो मशीनपर्यंतही पोचू शकतो. टेबल चार हात बाजूला सरकवायला कोणता फॉरमॅट लागतो?

विजेचंही तेच. 'लाइनच अशी' म्हणून हात झटकायचे, आणि ज्या एका प्लगवर कूलर, त्याच्याच एक्स्टेंशनवर कॉम्प्युटर जोडायचा. कूलरची मोटर सुरू होताना क्षणभर दाब पडतो. दिवा मिचकावतो तो आपल्याला दिसतो, एसएमपीएसला काय वाटतं ते दिसत नाही. चांगलं एसएमपीएस वीज पूर्ण गेली तरी साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे तिचा एक फेरा २० मिलिसेकंदांचा. एसएमपीएसकडे पुरत्या एका फेऱ्याचीही शिदोरी नसते. म्हणूनच घरगुती इन्व्हर्टरवर बहुधा एक खटका असतो, यूपीएस मोड आणि साधा मोड असा. साध्या मोडवर बदल होताना लागणारा वेळ पंख्याला चालतो, कॉम्प्युटरला चालेलच असं नाही. मशीन रीस्टार्ट होतं किंवा जागच्या जागी थिजतं. हा खटका कोणत्या बाजूला आहे हे अकोटातल्या किती घरांत कोणी वाकून पाहिलंय? अर्थिंगची कथा आणखी रंजक. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, हे लोक एकमेकांना कौतुकाने सांगतात. झिणझिण्या येतात कारण अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या आतले फिल्टरचे कपॅसिटर पत्र्याला पुरवठ्याच्या सुमारे निम्म्या दाबावर टांगून ठेवतात. प्रवाह थोडा असतो म्हणून माणूस वाचतो, पण यूएसबीला जोडलेली ठशांची यंत्रं अशा मशीनवर मधूनच दगा देऊ लागली तर नवल काय! तिसरी पिन कापून टाकणाऱ्या गावाने लाइनला दोष द्यावा, हे मात्र नवल आहे.

उष्णतेचा आणखी एक हिशोब. मदरबोर्डवर आणि एसएमपीएसमध्ये जे उभे, डबीसारखे कपॅसिटर असतात, त्यांच्या आतला द्रव हळूहळू सुकतो. तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. या शतकाच्या सुरुवातीला तर सदोष कपॅसिटरांची साथच जगभर पसरली होती; कित्येक कंपन्यांचे मदरबोर्ड त्यात गेले. फुगलेली टोपी डोळ्यांनी दिसते. त्यासाठी इंजिनिअर लागत नाही, टॉर्च लागतो. मल्टिमीटर असेल तर आणखी बरं. १२ व्होल्टची तार ११.४ च्या खाली आणि ५ व्होल्टची ४.७५ च्या खाली गेली की एसएमपीएस बाद. एवढं मोजायला मिनिटं लागतात. ऊन आणि लाइन ही कारणं आहेत आणि दोन्हींवर इलाज आहेत. त्यांना नशीब म्हणणं हा आळसाला दिलेला मोठेपणा आहे.

वापरणाऱ्याला दोष देण्याची रीत तर निव्वळ उद्दामपणाची. 'ताई, तुम्ही काहीतरी दाबलं असन.' कळ दाबण्यासाठीच असते ना? गृहिणीने, शिक्षिकेने, ग्रामपंचायतीच्या ऑपरेटरने नेहमीचं काम करताना मशीन मेलं, तर दोष मशीनचा आहे. खरं तर या वापरणाऱ्याकडेच सगळ्यात मोलाची माहिती असते : कधी होतं, काय करताना होतं, माउसचा बाण हलतो की नाही. विंडोज एखाद्या खिडकीला पाच सेकंदांत उत्तर मिळालं नाही की तिच्यावर 'नॉट रिस्पॉन्डिंग' लिहितं. बाण हलत असेल आणि बाकीचं चालत असेल, तर अडला आहे तो एक प्रोग्रॅम. बाणही थिजला, पण नम लॉकची कळ दाबल्यावर तिचा दिवा बदलतो, तर आतून मशीन जिवंत आहे, बहुधा डिस्कची वाट पाहतंय. दिवाही बदलत नाही तेव्हा मात्र रॅम, वीज, उष्णता किंवा ड्रायव्हरकडे बोट जातं. तीन प्रश्नांत निम्मा तपास होतो. पण प्रश्न विचारायचे तर समोरच्याला अडाणी समजणं सोडावं लागेल.

आणि हँग म्हणून जे सांगितलं जातं त्यातलं बरंच मशीनचं नसतंच. खरीप २०२३ मध्ये राज्यात एक रुपयात पीक विमा आला, सेवा केंद्रांवर झुंबड उडाली, आणि ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. अशा दिवसांत ब्राउझरमधलं चाक फिरत राहतं आणि रांगेत कुजबुज होते, 'कॉम्प्युटर हँग झाला.' दुसरी खिडकी उघडा, कॅल्क्युलेटर चालवून पाहा. तो झटकन चालला तर तुमचं मशीन ठणठणीत आहे, अडलंय ते पलीकडचं सर्व्हर. कधी कधी तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल संपलेला असतो, मशीनची तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली असते, आणि म्हणून सुरक्षित संकेतस्थळं उघडायला नकार देतात. त्या सेलच्या किमतीत चहाचे दोन-चार कप येतील. त्यासाठी आख्खं विंडोज पुसून टाकणाऱ्याला काय म्हणावं?

'जुनं झालं, नवीन घ्या' हे शेवटचं अस्त्र. याला हल्ली नवा आधार मिळाला आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. सुरक्षेचा प्रश्न यातून नक्की निर्माण होतो, त्याचा विचारही करायला हवा. पण १४ ऑक्टोबरच्या रात्री कोणत्याही मशीनला हँग होण्याचा आजार जडला नाही. दोन वेगळ्या गोष्टी एका दमात सांगून गिऱ्हाईकाला घाबरवू नका. फिरत्या चकतीची हार्ड डिस्क सेकंदाला विखुरलेल्या जागांवरून शंभराच्या आसपासच वाचनं करू शकते, साधी एसएसडी हजारो करते. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत शंभर टक्क्यांवर दिसत असेल, तर जुन्या मशीनला एसएसडी आणि आणखी चार जीबी रॅम दिली की ते कार्यालयीन कामाला पुन्हा उभं राहतं. नव्या मशीनच्या किमतीच्या एका तुकड्यात. आणि नवीन मशीन घेतलं, ते त्याच टिनाखाली, त्याच कूलरसमोर, त्याच बिनअर्थिंगच्या प्लगवर ठेवलं, तर ते किती दिवस नवीन राहील?

राहिला वेळेचा मुद्दा. 'तपासत बसायला वेळ कोणाकडे आहे?' बरं, तपासाला वेळ लागतो तरी किती? मशीन कधी अडतं ते विचारणं, टास्क मॅनेजर पाहणं, इव्हेंट व्ह्यूअरच्या नोंदी पाहणं, डिस्कच्या स्मार्ट नोंदींत बदललेल्या आणि अडकलेल्या सेक्टरांचे आकडे शून्य आहेत का ते पाहणं, तापमान पाहणं, झाकण काढून पंखा, कपॅसिटर आणि केबली पाहणं. तासाभराचं काम. रॅमबद्दलच्या शंकेचं निरसन करणारा मेमटेस्ट रात्रभर लावून ठेवता येतो, त्याला माणूस जागा लागत नाही. फॉरमॅट मारून, विंडोज बसवून, ड्रायव्हर शोधून, फॉन्ट आणून, प्रिंटर जोडून घेण्यात मात्र अख्खा दिवस जातो, आणि तो दर दोन महिन्यांनी जातो. वेळ नाही म्हणणाऱ्यांनीच सगळ्यात जास्त वेळ घालवलेला आहे. आणि बिघाड रॅममध्ये असेल तर नव्याने बसवलेलं विंडोजही त्याच सदोष रॅममधून जाऊन डिस्कवर उतरतं, म्हणजे जन्मतःच बिघडलेलं असू शकतं.

दुरुस्तीवाल्यांची एक बाजू मात्र खरी आहे. तपासाचे पैसे द्यायला गिऱ्हाईक तयार नसतं. 'काही बदललं नाही ना, मग कशाचे पैसे?' असं आपणच म्हणतो. कारण शोधणाऱ्याला हाकलायचं आणि पुसून देणाऱ्याला पैसे मोजायचे, हा बाजार आपण उभा केला आहे. मग दुकानदार पुसूनच देणार. त्याने तरी दुसरं काय करावं?

फॉरमॅटला माझा विरोध नाही. डिस्क बदलली, संसर्ग खोलवर गेल्याचं सिद्ध झालं, विंडोजच्या फाइली एसएफसी आणि डीआयएसएम या दुरुस्तीच्या आज्ञा चालवूनही दुरुस्त झाल्या नाहीत, तर फॉरमॅट माराच. पण तो निकालपत्रातलं शेवटचं वाक्य आहे, खटल्याचं पहिलं नाही. म्हणून अकोटातल्या, अकोल्यातल्या, वऱ्हाडातल्या प्रत्येक गिऱ्हाईकाने इथून पुढे एकच अट घालावी. बिलावर कारण लिहा. पेस्ट वाळली होती, डिस्कवर खराब जागा होत्या, अमुक ड्रायव्हर बिघडला होता, एसएमपीएस ११ व्होल्ट देत होतं, काय सापडलं ते लिहा आणि त्याचे पैसे बेलाशक घ्या. तपासाचे वेगळे घ्या, आम्ही देऊ. 'हँग होत होता, फॉरमॅट मारला' एवढंच लिहिलेलं बिल ही दुरुस्तीची पावती नाही, दुरुस्ती न केल्याची कबुली आहे. ज्याला बिघाडाचं कारण सांगता येत नाही त्याने मशीन दुरुस्त केलेलं नाही, आणि जो कारण न विचारता पैसे देतो त्याला ते पुन्हा हँग झालं म्हणून ओरडायचा हक्क नाही. कारण असतं, ते सापडतं, आणि ते सापडेपर्यंत फॉरमॅटचं बटण कोणीही दाबू नये.